शिळेचे वजन आणि बैठकांची मोजणी

बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक शिळा ठेवली आहे. उंची सुमारे अडीच फूट, वजन १२०० किलो. गुलाम महंमद ऊर्फ गामा पहिलवान याने २३ डिसेंबर १९०२ रोजी ही शिळा उचलली, अशी नोंद तिच्यावर कोरलेली आहे. गामा त्या वेळी चोवीस वर्षांचा होता आणि कुस्त्यांसाठी बडोद्यात आला होता. बडोद्याच्या तालमींचा विषय निघाला की बोलणे हटकून या शिळेपाशी येऊन थांबते. तिचे वजन सांगितले की ऐकणारा अवाक होतो आणि पुढचे काही विचारावे असे त्याला वाटत नाही. मला वाटते, पुढचे विचारले पाहिजे. माणसाच्या अंगात किती शक्ती असते, ती किती वेळ टिकते आणि ती मोजायची कशी, या प्रश्नांवर या शहराने दीडशे वर्षे मेहनत केली आहे. त्या मेहनतीची सर्वांत बोलकी साक्ष शिळेत सापडत नाही. ती सापडते पहिलवानांच्या रोजच्या बैठकांच्या आकड्यात आणि त्यांच्या खुराकात. आज सायकलशर्यतीच्या जगात शक्ती मोजण्याची जी रीत रूढ झाली आहे, ती हाती घेऊन मागे पाहिले की हे स्पष्ट दिसते.

आधी शिळेचेच पाहू. १२०० किलो हा आकडा किलोत आहे. १९०२ साली बडोद्यात वजन मण-शेरांत होत असे. आपल्याकडे दशमान वजनमापांचा कायदा झाला १९५६ साली, आणि बाजारात किलो रुळायला त्यानंतरही काही वर्षे गेली. म्हणजे आज शिळेवर दिसणारा आकडा उचलण्याच्या दिवशीचा नसावा, मागाहून केलेल्या मोजणीचा किंवा रूपांतराचा असावा. एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. अडीच फूट उंच आणि त्याहून थोडी अधिक रुंद अशी अखंड कठीण दगडाची शिळा बाराशे किलोंच्या घरात जाऊ शकते. प्रश्न वजनाचा नाही, ‘उचलली’ या शब्दाचा आहे. जमिनीवरून लोखंडी दांडी उचलून सरळ उभे राहण्याच्या प्रकारात ५०० किलोंचा टप्पा माणसाने पहिल्यांदा गाठला २०१६ साली, आणि २०२० साली तो एका किलोने ओलांडला. त्याच्या दुपटीहून अधिक वजन कोणी छातीपर्यंत नेले असेल, हे मानणे कठीण आहे. पण भाराखाली पाठ लावून, पाय घट्ट रोवून, गुडघे थोडेसेच सरळ करून तो जमिनीपासून सुटेल इतपत वर रेटण्याचा प्रकार वेगळा. त्यात हाडांचा खांब भार पेलतो आणि स्नायूंना बोटभर अंतर कापायचे असते. कॅनडाच्या लुई सिरने १८९५ साली याच रीतीने १९०० किलोंहून अधिक भार हलवल्याची नोंद आहे. तेव्हा गामाने शिळा जमिनीपासून सुटी केली, हे अशक्य कोटीतले नाही. मात्र ती किती वर गेली आणि त्याला किती क्षण लागले, हे शिळा सांगत नाही. आणि नेमके तेच कळल्याशिवाय शक्तीचा हिशेब मांडता येत नाही.

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात बल, कार्य आणि शक्ती हे तीन शब्द वेगळे शिकवले जातात. बोलताना मात्र आपण त्यांची सरमिसळ करतो. भार पेलायला लागते ते बल. तो भार काही अंतर हलला की कार्य घडते. ते कार्य किती वेळात झाले, त्यावर शक्ती ठरते, आणि ती वॅटमध्ये मोजतात. समजा, १२०० किलोंची शिळा दोन सेकंदांत चार बोटे, म्हणजे फार तर दहा सेंटिमीटर वर गेली. वजनाला गुरुत्वाकर्षणाने आणि अंतराने गुणून दोन सेकंदांनी भागले, तर उत्तर येते सहाशे वॅटच्या आत. गाडी ओढणाऱ्या धडधाकट घोड्याच्या धरलेल्या शक्तीपेक्षाही हे कमी. लाकडी धावपट्टीवर सायकल हाणणारे पहिल्या प्रतीचे वेगवान शर्यतपटू काही सेकंदांपुरते दोन हजार वॅटच्या पुढे जातात. ऑलिंपिकमधले वजन उचलणारे भार डोक्यावर झटकताना, सेकंदाच्या एका तुकड्यात, तीन हजार वॅटही ओलांडतात. म्हणजे शिळेचा प्रसंग हा बलाचा अचाट नमुना आहे, शक्तीचा नव्हे. यात गामाचे काही उणे होत नाही. त्याच्या अंगातली जी शक्ती जग थक्क होऊन पाहात होते, ती या दगडात साठलेली नाही, एवढेच.

शक्तीला घड्याळाशी बांधण्याची कल्पना फार जुनी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॅटला आपली वाफेची यंत्रे विकायची होती, आणि गिऱ्हाईक विचारत होते की हे यंत्र किती घोड्यांचे काम करील. वॅटने चक्की फिरवणाऱ्या घोड्याचे काम पाहून एक अंक ठरवला : मिनिटाला ३३,००० पौंड भार एक फूट उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या मापात ७४६ वॅट. मोटेवरचा शेतकरीही हाच हिशेब करीत असे; दिवसभरात किती मोटा निघाल्या यावरून तो बैलजोडीची पारख करी, एकाच मोटेच्या जडपणावरून नव्हे. सायकलीच्या खेळात घड्याळाला फार महत्त्व आले. ११ मे १८९३ रोजी पॅरिसमध्ये आंरी देग्रांज या शर्यतपटूने एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले आणि ‘तासाचा विक्रम’ नावाची परंपरा सुरू झाली. वेळ ठरलेली, अंतर खुले. एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको शहरात तो ४९.४३१ किलोमीटरवर नेला, फिलिप्पो गान्नाने २०२२ साली ५६.७९२ वर. देग्रांजचा विक्रम आणि गामाची शिळा यांत साडेनऊ वर्षांचेच अंतर आहे. एकाने काळ मोजला, दुसऱ्याने भार. पुढे १९८६ साली उलरिख शोबरर या जर्मन अभियंत्याने सायकलीच्या क्रँकमध्ये ताण मोजणारी पट्टी बसवली, आणि स्वार पायडलवर क्षणोक्षणी किती वॅट लावतो आहे हे डोळ्यांसमोर अंकांत दिसू लागले.

यंत्र नसतानाही हा हिशेब करता येतो, कारण डोंगर हाच मोठा काटा आहे. मुंबई–पुणे सायकलशर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणून गौरवतात, ते उगाच नाही. सपाटीवर वारा आणि पुढच्याचा आडोसा गोंधळ घालतात. चढावर मात्र स्वार आपलेच वजन उचलत असतो. १४ जुलै २०२४ रोजी फ्रान्सच्या टूरमध्ये ताडेय पोगाचारने प्लातो द बेय हा चढ सुमारे चाळीस मिनिटांत पार केला. चढाची लांबी १५.८ किलोमीटर, उंचीतला फरक साधारण १२५० मीटर. स्वाराचे वजन ६६ किलोंच्या आसपास, सायकल आणि कपडे धरून ७५. नुसती ही उंची गाठायलाच ३८० वॅटहून अधिक लागतात. वारा आणि चाकांचे घर्षण मिळवले की आकडा ४४० च्या जवळ जातो. शरीराच्या प्रत्येक किलोमागे साडेसहाच्या वर वॅट, आणि तेही चाळीस मिनिटे सलग. मार्को पांतानीने १९९८ साली याच चढावर केलेला वेळ यापेक्षा साडेतीन मिनिटांहून अधिक होता. हा हिशेब करण्याची रीतही सायकलीहून जुनी आहे. ऑगस्ट १८६५ मध्ये आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस हे दोन शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमधले फाउलहॉर्न शिखर चढून गेले. तळ्याकाठापासून शिखरापर्यंत १९५६ मीटर. फिकचे वजन होते ६६ किलो, अगदी पोगाचारइतके. वजन गुणिले उंची असा कामाचा हिशेब त्यांनी मांडला आणि लघवीतल्या नायट्रोजनवरून शरीरातले किती प्रथिन जळले ते काढले. जळलेले प्रथिन एवढ्या कामाला पुरणारे नव्हते. मांसाने मांस चालते, ही त्या काळची पक्की समजूत तिथे ढासळली. स्नायूंचे खरे इंधन स्निग्ध पदार्थ आणि पिष्ट-साखर हे आहे, हा विचार तिथून मूळ धरू लागला.

फिक शिखर चढत होता त्या सुमारास बडोद्यात खंडेराव महाराजांचे राज्य होते. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात त्यांचा पाहुणा म्हणून राहिला, आणि हत्तींच्या झुंजींपासून नख्या बांधून केलेल्या रक्तबंबाळ कुस्तीपर्यंत जे पाहिले ते त्याने लिहून ठेवले. ही नख्यांची कुस्ती म्हणजे वज्रमुष्टी, जेठीमल्लांची पिढीजात कला. खंडेरावांना कुस्तीचा अतोनात नाद. पहिलवान पदरी ठेवणे, त्यांना खुराक लावून देणे, मैदाने भरवणे हे दरबारी काम होते. रूसलेसारख्यांची वर्णने वाचताना एक गोष्ट जाणवते. मैदानातला क्षण तपशिलाने येतो : जखमा, घोष, इनाम. त्या क्षणामागची रोजची मेहनत मात्र येत नाही, कारण पाहुण्याला पहाटेच्या तालमीत कोणी नेत नाही. इतिहासात जे राहते ते पाहुण्याने पाहिलेले. शिळा याच दरबारी दृष्टीची वारसदार आहे. एका दिवशी, एका ठिकाणी, सर्वांसमोर घडलेली आणि दगडात कोरता येईल अशी गोष्ट.

तालमीची स्वतःची मोजणी वेगळी होती. मेहनत आकड्यांत सांगितली जाई : इतके जोर, इतक्या बैठका, करेलाचे, म्हणजे जड मुद्गलाचे, इतके हात. वस्ताद नव्या पठ्ठ्याला पन्नासापासून चढवत नेई. आकडा वाढला की पठ्ठा तयार होतोय असे मानले जाई, आणि आकडा गाठतानाच दम तुटला तर त्याला हौद्यात उतरू दिले जात नसे. तालमीच्या बोलीत ताकद आणि दम हे दोन वेगळे शब्द आहेत आणि कोणताही वस्ताद त्यांची गल्लत करीत नाही. ताकदीने समोरचा उचलला जातो. दमाने तो विसाव्या मिनिटालाही उचलला जातो. गामाच्या चरित्रातला पहिला मोठा प्रसंगही बैठकांचाच आहे. १८८८ साली जोधपूरला चारशेहून अधिक पहिलवानांची मेहनतीची चढाओढ झाली. त्यात दहा वर्षांचा गामा शेवटपर्यंत टिकलेल्या पंधरा जणांत होता, आणि महाराजांनी त्याचे वय पाहून त्यालाच विजयी ठरवले. ही चढाओढ म्हणजे दमाचीच परीक्षा होती. आपण शिळेची तारीख पाठ करतो आणि जोधपूरचा हा प्रसंग गोष्ट म्हणून सांगतो. माझ्या मते महत्त्व उलटे द्यायला हवे.

आता बैठकेला पोगाचारच्या चढासारखे मोजून पाहू. शंभर किलोंचा पहिलवान धरू. पूर्ण बैठकेत त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य साधारण अर्धा मीटर खाली जाऊन वर येतो. वर येताना होणारे कार्य सुमारे ४९० जूल. मिनिटाला तीस बैठका, म्हणजे दोन सेकंदांना एक, ही चांगल्या तालमीतली चाल धरली, तर शक्ती भरते जवळजवळ २४५ वॅट. गामा रोज पाच हजार बैठका मारी, असे सांगितले जाते. या चालीने पाच हजारांना दोन तास सत्तेचाळीस मिनिटे लागतात. आता दुसरे उदाहरण पाहा. १२ जून १९७९ रोजी ब्रायन ॲलन या सायकलपटूने पॉल मॅक्रेडी यांनी बनवलेले पायडलचे विमान चालवत इंग्लिश खाडी ओलांडली. यंत्र नाही, इंधन नाही, पायांच्या शक्तीवर ३५.८ किलोमीटर. वेळ लागला दोन तास एकोणपन्नास मिनिटे आणि शांत हवेत त्या विमानाला लागत होते अडीचशे ते तीनशे वॅट. ज्या पराक्रमाला साऱ्या जगाने विमानविद्येच्या इतिहासात स्थान दिले, त्यातले पायांचे काम आणि पहाटेच्या अंधारात, तेलाच्या दिव्याच्या उजेडात, कोणी साक्षीला नसताना झालेले पाच हजार बैठकांचे काम एकाच मापाचे ठरते. ॲलन हलका होता, साठ-पासष्ट किलोंचा. किलोमागे वॅट काढले तर तो पहिलवानाच्या पुष्कळ पुढे जातो, आणि पोगाचार दोघांच्याही. पण एकूण शक्ती आणि तिचा टिकाव पाहिला, तर शंभर किलोंच्या मल्लाला या पंगतीतून उठवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. पाच हजार हा आकडा कोणी मोजला? पहिलवानांच्या गोष्टींत आकडे फुगतात. शिळेच्या वजनाकडे संशयाने पाहायचे आणि बैठकांचा आकडा डोळे मिटून घ्यायचा, हा कुठला न्याय? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या हिशेबाचा आधार पाच हजारावर ठेवलेला नाही, चालीवर ठेवला आहे. आकडा निम्मा केला तरी २४५ वॅट तसेच राहतात, फक्त वेळ एक तास तेवीस मिनिटांवर येतो. दीड हजारावर आणला, जेवढ्या बैठका मारणारे पहिलवान तालमीतालमीतून होते, तरी पन्नास मिनिटे सलग तीच शक्ती. आणि एक मोठा फरक आहे. शिळा एकदा उचलली जाते. पुन्हा पडताळायला गामा नाही. बैठका कोणीही आज मारून, मोजून, घड्याळ लावून पडताळू शकतो. ज्या दाव्याची परीक्षा आजही होऊ शकते, तो दावा परीक्षा न होऊ शकणाऱ्या दाव्यापेक्षा इतिहासाच्या अधिक कामाचा.

दुसरा आक्षेप शरीरशास्त्राचा. बैठक म्हणजे पायडल नव्हे. खाली जाताना स्नायू ताणले जातात, कंडरांची लवचीक उसळी पुढच्या वेळी वर यायला मदत करते, शिवाय खाली जातानाही शरीराला सावरण्यासाठी स्नायू खर्ची पडतातच. त्यामुळे सायकलीच्या क्रँकवर मोजलेले २४५ वॅट आणि बैठकेतून काढलेले २४५ वॅट तंतोतंत तुलनेचे नाहीत. हे मान्य. अर्धा मीटर हेही ठोकळ माप आहे. उंच माणसाचे अधिक, बुटक्याचे कमी. पण या चुका दोन्ही बाजूंना ओढतात. उसळी शरीराचे काम हलके करते, तर खाली जातानाचा खर्च हिशेबात धरलेलाच नाही. वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे झाले तरी निष्कर्ष हलत नाही. आणि दोन्ही हालचालींत राबतात ते मांडी व नितंबाचे तेच मोठे स्नायू, दोन्हींत गुडघा तसाच वाकतो आणि सरळ होतो. मिनिटाला तीस वेळा आणि नव्वद वेळा हा फरक आहे; पहिलवान प्रत्येक वेळी जास्त भार उचलतो, स्वार जास्त वेळा.

आकड्यांवर विश्वास नसेल तर खुराक पाहावा, कारण तो बनियाच्या वहीत आणि कोठाराच्या हिशेबात उतरतो. शरीराचे यंत्र खाल्लेल्या अन्नातला साधारण चौथा हिस्साच कामात उतरवते. बाकी घाम आणि उष्णता. पाच हजार बैठकांचे काम भरते सुमारे २४ लाख जूल, आणि त्याला अन्न लागते सुमारे तेवीसशे किलोकॅलरींचे. हे फक्त बैठकांचे. जोर, लढती, करेला आणि चालता-बोलता माणूस वेगळा. म्हशीचे अडीच लिटर दूध म्हणजे साधारण एवढीच ऊर्जा. दूध, तूप, बदामाची थंडाई, मुरंबे यांची जी यादी पहिलवानांच्या चरित्रांत येते आणि वाचणाऱ्याला अतिशयोक्ती वाटते, ती या हिशेबापुढे उघडउघड खरी दिसते. फ्रान्सच्या टूरमधले स्वार डोंगराच्या दिवशी सहा हजार किलोकॅलरींहून अधिक खातात, तेव्हा त्याला कोणी खादाडपणा म्हणत नाही. इथे फिकच्या शिखराची आठवण पुन्हा होते. युरोपातले विद्वान मांस हेच स्नायूचे इंधन मानत होते, तेव्हा आपल्या तालमी दूध-तुपावर आणि गुळावर शेकडो बैठका चालवत होत्या. त्यांनी प्रयोगशाळेत काही सिद्ध केले नाही. पण त्यांच्या कोठारांनी योग्य इंधन ओळखले होते. राजाश्रय गेल्यावर तालमी का ओसरल्या, याचेही अर्धे उत्तर इथे आहे. शंभर किलोंचा दम टिकवायला रोजची घागर लागते, आणि ती घागर संस्थानाच्या खर्चातून येत होती. मैदान भरवणारे पुढेही निघाले. बारा महिने खुराक पुरवणारे निघाले नाहीत.

दमाची साक्ष हौद्यातही मिळते. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामाची झिबिस्को या पोलिश मल्लाशी कुस्ती झाली आणि ती अडीच तासांहून अधिक चालून बरोबरीत सुटली. झिबिस्को त्यातला बहुतेक वेळ गादीला चिकटून पडला होता. इंग्रजी प्रेक्षकांना ती कुस्ती कंटाळवाणी वाटली. पण आपल्याहून वजनदार माणसाला अडीच तास वरून रेटत राहणे, आणि तेही पहिल्या मिनिटाच्या आवेशाने, ही शिळेपेक्षा मोठी गोष्ट आहे. १९२८ साली पतियाळ्यात पन्नाशीच्या गामाने त्याच झिबिस्कोला मिनिटाच्या आत चीत केले. बल आणि दम दोन्ही त्याच्याकडे होते. शिळेने आपल्या स्मरणात पहिले ठेवले, दुसरे पुसले.

बडोद्याचे श्रेय एवढ्यावर संपत नाही. किंबहुना खरा भाग इथून पुढे आहे. १८८० साली इथे सुरू झालेली जुम्मादादांची तालीम त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांनी वाढवली, आणि मुसलमान वस्तादाचे नाव तिच्यावर तसेच राखले. माणिकरावांनी व्यायाम ही एकट्याची साधना न ठेवता समूहाची केली. शेकडो मुले एका रांगेत, एका हुकमावर, एका तालात. हुकूमही इंग्रजी न ठेवता आपल्या भाषेत बांधले. त्यांचा संघव्यायाम शिस्तीसाठी आणि राष्ट्रीय भावनेसाठी वाखाणला जातो, पण मोजमापाच्या दृष्टीने त्यात घडलेली गोष्ट तितकीच मोठी आहे. एकटा पहिलवान आपल्या मनाप्रमाणे थांबतो, श्वास घेतो, पुन्हा सुरू करतो. आकडा राहतो, चाल राहत नाही. समूहात हुकूम चाल ठरवतो. ‘एक-दोन’ या तालाने व्यायामात घड्याळ शिरले, आणि आकड्याला काळाची जोड मिळाली. आकडा आणि काळ एकत्र आले की शक्तीचे माप पुरे होते, मग त्याला वॅट हे नाव द्या वा देऊ नका. याच शहरात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात मराठीत पुरे केले आणि १९५० साली त्याचे इंग्रजी रूप काढले. दंड, बैठका, मल्लखांब, मुद्गल, कुस्तीचे डाव, आहार, सगळे चित्रांसह. गुजरातच्या मध्यावर, मराठी भाषेत, एवढे काम झाले, हे महाराष्ट्रातल्या वाचकांनाही फारसे ठाऊक नाही याचे मला मनापासून दुःख होते.

अजून एक आक्षेप उरतो, आणि तो मोजणाऱ्यांवरच आहे. सायकलीच्या शर्यतीनेच दाखवून दिले की आकडे फसवू शकतात. नव्वदच्या दशकातल्या चढांवरचे वॅट रक्तात भरलेल्या औषधांनी फुगलेले होते. लान्स आर्मस्ट्राँगची फ्रान्सच्या टूरमधली सातही जेतेपदे २०१२ साली काढून घेतली गेली. मग अशा मापाने आपल्या तालमींची परीक्षा कशाला? माझे उत्तर असे की औषधांनी आकडा खोटा होत नाही, त्याचा अर्थ बदलतो. ज्या वेळा अविश्वसनीय वाटल्या, त्या मोजल्या गेल्या होत्या म्हणूनच लोकांना संशय घेता आला. मोजणी नसती तर फक्त भक्ती आणि निंदा उरली असती. आपल्या मल्लविद्येचे आज नेमके तेच झाले आहे. एक बाजू बाराशे किलोंना हात जोडते, दुसरी हसते, आणि दोघांनाही तालमीत काय चालत होते ते ठाऊक नसते. वॅट हे परके माप आहे, ही तक्रारही टिकणारी नाही. भार, उंची आणि वेळ यांचा तो साधा गुणाकार-भागाकार आहे. भार आणि संख्या तालमीकडे होतीच. पहिलवानाने मोजलेल्या गोष्टीला काळाची एक रेघ जोडली की तो जगातल्या कोणत्याही खेळाडूशेजारी उभा राहतो, आणि दयेने नव्हे, हिशेबाने.

म्हणून विनंती आहे. संग्रहालयातल्या शिळेशेजारी एक पाटी लावावी; तिच्यावर गामाच्या बैठकांचा हिशेब असावा आणि जुम्मादादा, माणिकराव, मुजुमदार यांची नावे असावीत, म्हणजे दगड पाहून जाणारी मुले दमाबद्दलही काही वाचून जातील. आणि बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून, दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, जिथे आजोबा-पणजोबा तालमीत जात, तिथल्या पेट्यांमध्ये मेहनतीच्या वह्या असतील : तारीख, जोर, बैठका, दुधाचा हिशेब. त्या रद्दीत देऊ नका. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा शोधा, पण वही जपून ठेवा.